त्सुनामीत पाणी कसं वागतं आणि ओसरल्यावर ते जातं कुठे?

प्रश्न असा आहे की त्सुनामी नेमकी कशी पुढे सरकते, आणि जमिनीवर चढलेलं एवढं पाणी नंतर जातं कुठे. पहिल्या भागावर भरपूर लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या भागावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मी त्यावर जास्त लिहिणार आहे. थोडक्यात सांगायचं तर किनाऱ्यावर येणारं पाणी दूरवरून आलेलं नसतं, ते तिथल्याच समुद्राचं असतं. त्यातलं बहुतेक काही मिनिटांत परत जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं. जे मागे राहतं ते खोलगट जागी, मातीत आणि विहिरींत मीठ होऊन राहतं. आणि काही ठिकाणी ते कायमचंच राहतं, कारण तिथली जमीनच खाली गेलेली असते.

आधी समुद्रातलं वागणं. वाऱ्याने उठणारी लाट म्हणजे वरवरची हालचाल. दोन शिखरांमध्ये शे-दीडशे मीटर अंतर, एका शिखरामागून दुसरं यायला आठ-दहा सेकंदांचा काळ, आणि अंतराच्या निम्म्याइतक्या खोलीवर गेलं की पाणी जवळजवळ शांत. त्सुनामीत समुद्राचा तळच वर किंवा खाली सरकतो आणि तळापासून पृष्ठभागापर्यंतचा पाण्याचा सगळा थर त्याच्यासोबत हलतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा-अंदमान पट्ट्यात सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा भ्रंश (खडकातली भेग) सरकला होता. एवढा लांबरुंद तळ हलल्यावर तयार होणाऱ्या लाटेची लांबी शंभर ते काहीशे किलोमीटर आणि एका लाटेचा काळ दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असतो. अशा लाटेच्या हिशेबाने चार किलोमीटर खोल महासागरसुद्धा उथळच.

उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो: गुरुत्वत्वरण गुणिले खोली, आणि त्याचं वर्गमूळ. ४,००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७१० किलोमीटर येतो, १०० मीटरवर ११० च्या आसपास, १० मीटरवर ३५. खोली ठाऊक असल्यामुळेच लाट कुठे किती वाजता पोहोचेल हे आधी सांगता येतं. २२ मे १९६० च्या चिलीच्या भूकंपाची लाट सुमारे पंधरा तासांनी हवाई बेटांवरच्या हिलोला आणि जवळपास एका दिवसाने जपानला पोहोचली. वेळ अशी चोख सांगता येते, उंची मात्र तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

विमानाच्या वेगाने धावतो तो लाटेचा आकार आणि तिची ऊर्जा. पाणी तसं धावत नाही. हिशेब करून पाहा. ४,००० मीटर खोल समुद्रात पातळी अर्धा मीटर वर जात असेल, तर पाण्याच्या कणाचा आडवा वेग सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो. लाटेचा काळ वीस मिनिटांचा धरला, तर तो कण साधारण दहा मीटर पुढे सरकून पुन्हा मागे येतो. म्हणजे चिलीचं पाणी जपानला गेलं नाही, ते चिलीजवळच राहिलं. पण ही दहा मीटरची हालचाल पृष्ठभागापासून तळापर्यंत, चार किलोमीटरच्या सगळ्या थरात एकदमच होत असते. त्सुनामीची ताकद तिथे आहे.

खोल समुद्रातल्या जहाजाला यातलं काही जाणवत नाही. २००४ ला भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला आणि त्याने लाट मोजली. उंची साठ सेंटिमीटरच्या आसपास होती. एवढा चढ शंभरेक किलोमीटरवर पसरलेला आणि वर यायला काही मिनिटं लागणारा असेल, तर डोळ्याला काय दिसणार? इशारा यंत्रणा म्हणूनच तळावर दाबमापक ठेवतात. वरच्या पाण्याची जाडी सेंटिमीटरभर बदलली तरी त्यांना ते कळतं.

किनाऱ्याजवळ खोली घटते, लाटेचं तोंड मंदावतं, मागचा भाग अजून वेगात असतो. लाट दाबली जाते आणि उंचावते. ही वाढ लोकांना वाटते तितकी अचाट नसते. उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. खोली ४,००० वरून १० मीटरवर आली, म्हणजे ४०० पटीने घटली, तर उंची साडेचार पट होते. अर्ध्या मीटरचे सव्वादोन मीटर. पुढची उंची किनाऱ्याचा आकार घडवतो. निमुळत्या खाडीत पाणी कोंडतं, आणि खाडीचा स्वतःचा हिंदकळण्याचा काळ लाटेच्या काळाशी जुळला तर प्रत्येक लाटेगणिक पातळी वाढत जाते. याच कारणाने एका गावात छातीभर पाणी येतं आणि डोंगराच्या पलीकडच्या खाडीत ते दुमजली घरं बुडवतं.

इथे बातम्यांमधला एक घोळ सांगायलाच हवा. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीची उंची ४० मीटर होती असं छापून येतं. तो आकडा मियाको भागात पाणी उतारावर जिथपर्यंत चढलं त्या जागेच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे. चाळीस मीटरची भिंत समुद्रातून चालत आली, असा त्याचा अर्थ नव्हे. किनाऱ्यावरची लाट, जमिनीवरच्या पाण्याची खोली आणि चढ-उंची हे तीन वेगळे आकडे आहेत. एकाची तुलना दुसऱ्याशी केली की निष्कर्ष चुकतो. १९५८ मध्ये अलास्काच्या लिटुया उपसागरात नोंदलेली ५२४ मीटर हीसुद्धा चढ-उंचीच. ती अरुंद खाडीत दरड कोसळून समोरच्या डोंगरावर उसळलेल्या पाण्याची आहे.

पाणी आधी मागे हटतं, हा समज अर्धाच खरा आहे. तळाचा जो भाग वर उचलला गेला त्या बाजूच्या किनाऱ्याकडे आधी लाटेचा चढ जातो, जो खचला त्या बाजूला आधी लाटेचा उतार. २००४ ला थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे गेला, श्रीलंका आणि भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे आधी चढच पोहोचला. समुद्र मागे हटलेला दिसला तर जिवाच्या आकांताने उंचावर पळावं, हे बरोबर. पण हटला नाही म्हणून थांबणं धोक्याचं. किनाऱ्यावर असताना उभं राहणं कठीण होईल इतका जोराचा, किंवा सौम्य असला तरी लांबलेला धक्का जाणवला, तर तोच इशारा समजावा. शक्यतो तीस मीटर उंची गाठावी किंवा तीन किलोमीटर आत जावं. दोन्ही जमणार नसेल तर पक्क्या काँक्रीट इमारतीचा वरचा मजला.

पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असं नाही, बहुतेकदा नसतेच. हिलोमध्ये १९६० ला पहिल्या लाटा किरकोळ होत्या, मोठी तासाभराने आली. तिथे ६१ माणसं गेली. त्यातले काही जण लाटा बघायला थांबलेले किंवा सुरुवातीच्या लाटांनंतर परतलेले होते. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत चौथ्या लाटेने घात केला. दोन लाटांमधलं अंतर दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असू शकतं, आणि घरातल्या वस्तू आणायला जावं असं माणसाला वाटायला तेवढा अवधी पुरतो.

जमिनीवर चढल्यावर हे प्रकरण लाटेसारखं दिसतच नाही. पाणी येतं, चढतं आणि पाच-दहा मिनिटं चढतच राहतं. त्याचा वेग सेकंदाला पाच ते आठ मीटर असू शकतो. पाच मीटर वेगाच्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १.३ टन वजनाइतका येतो, आठ मीटरला ३.३ टन, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सपाट भिंतीवर तो याच्या दुप्पटही होतो. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला पाडतं ते यामुळे. लाकडी घरं तर दाबाच्या आधी तरंगून जातात. पाणी दोन मीटरच्या आसपास चढलं की घर पायावरून उचललं जातं, आणि मग तेच घर पुढच्या घरावर आदळतं. मृतांमधले काही जण निव्वळ बुडून नव्हे, तर गाड्या, ओंडके, पत्रे यांच्या माऱ्याने गेलेले असतात.

आता परतीचा प्रवास. पाणी उतारावर जास्तीत जास्त उंचीला पोहोचतं तेव्हा क्षणभर थबकतं. त्याच सुमारास समुद्रात लाटेचा उतार येत असतो, म्हणजे पातळी नेहमीच्या ओहोटीपेक्षाही खाली जाते. वर अडकलेलं पाणी आणि खाली गेलेला समुद्र, या दोन्हींतला फरक परतीच्या प्रवाहाला वेग देतो. येताना पाणी सगळ्या रुंदीने आलेलं असतं. जाताना ते ओढे, रस्ते, नदीपात्र अशा सखल वाटांनी एकवटून जातं, म्हणून तीव्र उताराच्या किनाऱ्यांवर परतीचा ओढा येण्याच्या प्रवाहापेक्षा जास्त घातक ठरू शकतो. माणसं, होड्या, घरांची छपरं खोल समुद्रात जातात ती याच वेळी. पाण्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे पोहत राहून दम घालवू नये. जे तरंगतं ते धरावं, पाय वर ठेवावेत आणि पुढच्या लाटेआधी इमारत किंवा झाड गाठायची संधी शोधावी.

समुद्रभिंतींचं बहुतेक नुकसान कसं होतं, हे या परतीवरून समजतं. पाणी भिंत ओलांडून पलीकडे कोसळतं आणि जमिनीकडच्या बाजूचा पाया उकरून काढतं. मग परतीचं पाणी मागून रेटतं आणि आधार गेलेली भिंत समुद्राकडे कलंडते. समोरून येणारा मारा सोसेल एवढाच विचार करून बांधलेली भिंत अर्धीच बांधलेली असते, असं मी म्हणेन. २०११ नंतर जपानमध्ये भिंतींच्या मागच्या उतारालाही काँक्रीटचं कवच आणि पायथ्याला संरक्षण देण्याकडे लक्ष दिलं गेलं ते म्हणूनच.

समुद्रातली ऊर्जा लगेच संपत नाही. किनाऱ्यावर आपटून काही घर्षणात विरते, उरलेली परावर्तित होऊन समोरच्या किनाऱ्याला जाते, पुन्हा परतते. काही लाटा किनाऱ्यालाच चिकटून त्याच्या कडेने धावत राहतात. मोठ्या त्सुनामीचे तरंग भरतीमापकावर कित्येक दिवस दिसतात. बंदरात याचा त्रास वेगळा होतो. पातळी मीटरभरच वरखाली होत असली, तरी अरुंद तोंडातून तेवढं पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी आत-बाहेर करतं, भोवरे तयार होतात, दोर तुटतात. पूर दिसला नाही म्हणून बोट हलवायला धक्क्यावर जाणं चुकीचं. लाट यायला तासन्‌तास असतील तरच बोट बाहेर काढावी, ढोबळमानाने १०० मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात न्यावी, आणि बंदर उघडल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत तिथेच राहण्याइतकं इंधन व पाणी सोबत ठेवावं. जवळच्या भूकंपात बोटीचा विचारही करू नये.

मागे राहणाऱ्या पाण्याची पहिली जागा म्हणजे खोलगट भाग. वाळूच्या टेकड्या, रस्त्याचे आणि रेल्वेचे भराव, नदीचे बांध ओलांडून पाणी आत येतं आणि ओसरताना त्यांच्यामागेच अडकतं. २०११ ला जपानच्या सेंदाई मैदानात पाणी चार-पाच किलोमीटर आत गेलं होतं. तिथल्या सखल शेतीचा निचरा एरवी पंपांवर चालायचा, आणि पंपगृहंच उद्ध्वस्त झाली होती. त्यामुळे कित्येक आठवडे फिरत्या पंपांनी उपसा करावा लागला. अशा वेळी आधी चर आणि मोऱ्यांमधला गाळ काढावा, भरावाला कुठे तात्पुरती वाट द्यायची ते ठरवावं, आणि ती ओहोटीला उघडून भरतीला बंद करता येईल अशी करावी. नुसती फोडलेली वाट पुढच्या उधाणाचं पाणी आत घेते.

दुसरी जागा कायमची. मोठ्या भूकंपात किनाऱ्याची जमीनच खाली जाते. २०११ ला जपानच्या ओशिका द्वीपकल्पात ती सुमारे १.२ मीटर खचली, आणि त्यानंतर इशिनोमाकीच्या सखल वस्तीत रोजच्या भरतीचं पाणी रस्त्यावर येऊ लागलं. २००४ ला ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं आणि दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला. याच भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा उलट वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. पाणी ओसरत का नाही, असं कोणी विचारलं तर आधी जमिनीची पातळी पुन्हा मोजावी. उंची मोजण्यासाठी भूकंपाआधी रोवलेले समपातळी दगड त्या भागात भरवशाचे राहिलेले नसतात.

तिसरी जागा माती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. फक्त दहा सेंटिमीटर पाणी जिरलं तरी चौरस मीटरला साडेतीन किलो, म्हणजे हेक्टरी ३५ टन क्षार. २०११ ला जपानची सुमारे २४ हजार हेक्टर शेती अशी बुडाली होती. इथे घाईने नांगर घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वर साचलेल्या गाळात आणि त्यावरच्या पांढऱ्या खपलीत क्षार एकवटलेले असतात. नांगरलं की ते मुळांच्या थरात मिसळतात. म्हणून वाफसा येताच आधी खपली आणि जाड गाळ खरवडून बाहेर काढावा, मग चर मोकळे करावेत, मग गोड्या पाण्याने धुवावं. पाणी शेतात उभं करून क्षार धुताना हिशेब असा: ३० सेंटिमीटर मातीतून १५ सेंटिमीटर पाणी झिरपलं की सुमारे निम्मे क्षार जातात, ३० सेंटिमीटर झिरपलं की ८० टक्के. निचरा नसेल तर हे सगळं पाणी वाया, क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात.

काळ्या चिकण जमिनीत आणखी एक खाच आहे. क्षार भरपूर असेपर्यंत मातीचे कण एकत्र राहतात आणि पाणी नीट जिरतं. गोड्या पाण्याने क्षार निघून गेले, पण कणांना चिकटलेला सोडियम तसाच राहिला, की कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि जमीन चोपण होते. म्हणजे पहिल्या पावसाआधी चांगली वाटणारी जमीन पावसानंतर बिघडते. उपाय जिप्सम, तोही धुण्याच्या आधी. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्रा माती परीक्षणातल्या विनिमयी (म्हणजे कणांना चिकटलेल्या) सोडियमवरच ठरवावी. परीक्षण न करता हेक्टरी आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रेताड जमिनीला जिप्समची बहुधा गरजच पडत नाही, दोन-तीन चांगले पाऊस तिला धुऊन काढतात. पेरणीआधी विद्युतवाहकता मोजावी; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. भाताचं उत्पन्न मीटरला तीन डेसीसीमेन्सनंतर घटू लागतं.

चौथी जागा विहीर, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, आणि २५० मिलिग्रॅमच्या पुढे पाणी चवीला मचूळ लागू लागतं. म्हणजे ७५ भाग गोड्या पाण्यात एक भाग समुद्राचं पाणी मिसळलं की झालं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण २१ हजार लिटर. त्यात २८० लिटर खारं पाणी पुरे. त्सुनामीत तर अख्खी विहीर भरते.

साहजिकच माणूस पंप लावून विहीर कोरडी करतो, पाणी पुन्हा खारं येतं, तो पुन्हा कोरडी करतो. असं करू नये. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट जाड थर समुद्रसपाटीच्या खाली असतो. हिशेब उलटा केला तर पातळी दहा सेंटिमीटर कायम खाली गेली की खालचं खारं पाणी कालांतराने चार मीटर वर येऊ शकतं. शिवाय आजूबाजूच्या मातीतही त्सुनामीचंच पाणी मुरलेलं असतं, ते विहिरीत ओढलं जातं. झपाट्याने उपसल्यास बाहेरच्या दाबाने विहिरीचं बांधकाम ढासळण्याचीही भीती असते. २००४ नंतर पूर्व श्रीलंकेत वारंवार उपसा करून खारटपणा कमी होण्यात फारसा फायदा दिसला नाही. खरं काम पावसाने केलं, आणि त्याला वर्षाहून अधिक काळ लागला.

उपसा एकदाच, सावकाश, कचरा आणि तळाचा गाळ निघेपर्यंत करावा. उपसलेलं पाणी विहिरीशेजारी न सोडता उताराकडे लांब न्यावं. मग जंतूंसाठी क्लोरीन: लिटरला ५० मिलिग्रॅम धरलं तर मघाच्या २१ हजार लिटरच्या विहिरीला ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे ३.२ किलो लागते. बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी ओतावं आणि बारा ते चोवीस तास विहीर बंद ठेवावी. क्लोरीन जंतू मारतं, मीठ काढत नाही. उकळल्याने तर मीठ आणखी दाट होतं. मीठ कमी होईपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरूनच आणावं लागतं.

वाहकता मोजताना फक्त बादलीतल्या वरच्या पाण्याची मोजू नये. खारं पाणी जड असल्याने तळाशी बसतं. बाटलीला वजन बांधून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घ्यावेत आणि तारखेसह लिहून ठेवावेत. समुद्राच्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला सुमारे ५० हजार मायक्रोसीमेन्स असते, पिण्यासाठी ती ढोबळमानाने हजार-दीड हजाराच्या खाली हवी. वरचा आकडा उतरला पण तळाचा तसाच असेल, तर वरून थोडं-थोडं पाणी काढायला हरकत नाही, पंपाचं तोंड मात्र तळाशी सोडू नये. पावसाळ्यानंतरही तिन्ही आकडे उतरत नसतील तर बहुधा दोष त्सुनामीच्या पाण्याचा राहिलेला नसतो. जमीन खचल्याने समुद्रच आत सरकलेला असतो, आणि मग विहिरीची जागाच किनाऱ्यापासून दूर हलवावी लागते.